दवबिंदूचा चातुर्मास

भाद्रपदातली दुपार. कासच्या पठारावर लोक सीतेच्या आसवांच्या जांभळ्या गालिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते आणि मी वाटेच्या कडेला ओल्या जांभ्यावर पोटावर पालथा पडलो होतो. राखणदार जवळ आला.

"काय हरवलं का, काका?"

"दवबिंदू शोधतोय."

त्याने आधी डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपारी बारा वाजता दव शोधणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, या विचारात क्षणभर गेला असावा. पण नाही, गडी जाणता निघाला. "तो काय, तुमच्या कोपरापाशी. हात उचला आधी."

रुपयाच्या नाण्याएवढं, जमिनीला चिकटलेलं लालसर चक्र. चमच्यासारखी पानं, पानांवर केसांची दाटी आणि दर केसाच्या टोकाला एकेक चमकता थेंब. तेवढ्यात एक चिलट तो थेंब प्यायला उतरलं आणि तिथेच राहिलं. पाय सोडवायला गेलं, तर पंख चिकटला. मग कडेचे लांब केस आत वळू लागले, लग्नाच्या पंगतीत आग्रहाने हात धरून बसवणाऱ्या यजमानासारखे. फरक इतकाच, की इथे पाहुणाच पानात वाढलेला.

जांभ्यावर मातीचा जेमतेम पापुद्रा असतो. त्यातलं जे काही सत्त्व, ते साताऱ्याचा पाऊस धुऊन नेतो. नायट्रोजन मुळांना मिळेना म्हणून या झाडाने पानांनाच कामाला लावलं. शेजारची सीतेची आसवंही काही कमी नाहीत. नाव इतकं हळवं, पण ओल्या मातीत बारीक फुगे लावून पाण्यातले जीव आत ओढून घेणारी! आणि दोघांचाही भरपेट हंगाम नेमका आपल्या चातुर्मासात.

डार्विनलाही दवबिंदूच्या झाडाने वेड लावलं होतं. १८६० च्या उन्हाळ्यात त्याने ते इंग्लंडच्या माळावर पाहिलं आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. मधल्या काळात त्याने पानांवर दूध, अंडं, मांस, एवढंच काय, लाळही ठेवून पाहिली. पानं वळली. साखर, स्टार्च, चहा यांना मात्र ती ढिम्म हलली नाहीत. म्हणजे साबुदाण्याची सोय नाही. चहालाही नाही म्हणणाऱ्या जिवाशी आपलं जमायचं कसं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

कासचं झाड उपटून आणायचा प्रश्नच नव्हता. पावसाळा सरला की तेही सरतं. म्हणून एका हौशी माणसाकडून दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा दवबिंदू आणला. लांब पट्टीसारखी पानं, स्वभावाने सोशिक. तो म्हणाला, "याचे लाड करू नका." मी मान डोलावली आणि घरी येऊन शेणखत घातलं. वर बोअरचं पाणी. पंधरा दिवसांत थेंब सुकले, महिन्याभरात पानं काळी पडली. ज्या क्षारांवर आमची तुळस बहरते, त्यांनीच याचा घात केला.

कुंडी फेकणार होतो, पण आळस आडवा आला. मधल्या एका पावसाने ती धुतली गेली आणि उरल्या मुळातून हिरवं टोक वर आलं. मग मात्र शहाणा झालो. खताशिवायचं पीट आणि वाळू, खाली ताटलीत पाणी, भरपूर ऊन. पाऊस आला की घरातली सगळी पातेली गच्चीवर. पागोळीचं पाणी बाटल्यांत भरून ठेवतो, त्यावर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी.

आई चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. पहिल्या वर्षी तिने या कुंडीकडे पाठ फिरवली होती. हल्ली केळं खाल्लं की साल बरोबर तिच्या शेजारी ठेवते. संध्याकाळपर्यंत चिलटं जमतात.

"मी काही त्याला दिलं नाही हो," म्हणते. "ती आपली आपण येतात."