छत्तीसांतला एक गुण

पुणे-नाशिक महामार्गावर भीमेच्या काठी वसलेल्या, हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि तरीही जुन्या पिढीच्या तोंडी अजून ‘खेड’च राहिलेल्या राजगुरुनगरात सोयरीक ठरताना तीन कागदांना महत्त्व असते: मुलाचा बायोडेटा, दोघांच्या पत्रिका आणि मुलाच्या वडिलांचा सातबारा. यांपैकी पहिला कागद व्हॉट्सॲपवरून फिरतो, दुसरा गुरुजींच्या हाती जातो आणि तिसरा बैठकीत कोणी मागत नाही, कारण तो मुलीच्या मामांनी आधीच ऑनलाइन पाहिलेला असतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय दुसरा कागद हा आहे. त्यातही राशींची तत्त्वे जुळली तर संसार जुळतो, या मताचा शास्त्राधार तपासणे हा त्याचा हेतू आहे.

राशीचे तत्त्व म्हणजे बारा राशींची चार महाभूतांमध्ये केलेली वाटणी. मेष, सिंह व धनू या अग्नितत्त्वाच्या राशी. वृषभ, कन्या व मकर पृथ्वीच्या. मिथुन, तूळ व कुंभ वायूच्या. कर्क, वृश्चिक व मीन जलाच्या. चार मूलतत्त्वांची कल्पना इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावरील एम्पेडोक्लीझ या ग्रीक विचारवंताने मांडली आणि पुढे ग्रीक परंपरेतील ज्योतिषांनी ती राशींना तीन-तीनच्या गटांत लावून दिली. भारतीय दर्शनांत महाभूते पाच असल्याने आणि बाराला पाचाने भाग जात नसल्याने या वाटणीत आकाशाच्या वाट्याला एकही रास आली नाही. वाटणीपत्रात एका भावाचे नाव राहून गेल्यावर खेड तालुक्यात जे घडते ते इथे घडले नाही, याचे श्रेय आकाशाच्या कोर्टकचेरीविषयीच्या अनास्थेला द्यावे लागते.

लोकप्रिय सिद्धान्त असा की, एकाच तत्त्वाची माणसे एकमेकांना न बोलता समजतात, अग्नीला वायू फुलवतो, पृथ्वीला जल भिजवते, आणि अग्नी व जल यांनी मात्र एका छपराखाली राहू नये. हा सिद्धान्त तालुक्याच्या भूगोलाशी ताडून पाहिला, तर त्यात वेळेचा आणि प्रमाणाचा विचार राहून गेल्याचे आढळते. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा चासकमानच्या धरणात अडवली जाते आणि तिचे पाणी वेळेवर शेतात पोहोचले की चाकणच्या बाजारात कांदा येतो. मात्र हेच जल ऐन काढणीत अवकाळी पावसाच्या रूपाने पृथ्वीला भेटले, तर त्या मैत्रीचा पंचनामा करावा लागतो. वायूने चूल फुलते, पण समई विझते. उलट, ज्या अग्नी-जलाचे पटत नाही असे सांगितले जाते त्यांच्या रोजच्या भेटीवर चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे काही काम चालते, कारण पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवले की त्याला कठीणपणा येतो. हीट ट्रीटमेंट विभागातील कामगाराला या कारणासाठी स्वतःच्या संसाराविषयी अधिक आशा बाळगण्याचा अधिकार आहे.

भूगोल बाजूला ठेवला तरी पुढची अडचण अशी की, कोणाचे तत्त्व कोणते हेच निश्चित होत नाही. मोबाइलवरील राशिभविष्य जन्मतारखेवरून सूर्याची रास काढते, आणि तीही सायन पद्धतीने, म्हणजे वसंतसंपाताला मेषेचा आरंभ मानून. पंचांग मात्र निरयन पद्धतीने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने चालते आणि माणसाची रास ठरवताना सूर्याऐवजी चंद्र पाहते. दोन्ही पद्धतींच्या आरंभबिंदूंत सध्या सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, ज्याला अयनांश म्हणतात. एक रास ३० अंशांची असल्यामुळे दर पाचांपैकी साधारण चार जणांची सूर्यरास एका घराने मागे सरकते, आणि शेजारच्या दोन राशींचे तत्त्व कधीच एक नसल्याने तत्त्वही बदलते. उदाहरणार्थ, ५ एप्रिलला जन्मलेला तरुण मोबाइलवर मेषेचा, म्हणजे अग्नी ठरतो, तर पंचांगाप्रमाणे त्याचा सूर्य मीनेत, म्हणजे जलात असतो, कारण निरयन सूर्य मेषेत १४ एप्रिलच्या सुमारास जातो. त्याची खरी पाहायची रास तर चंद्राची, आणि एका राशीत सव्वादोन दिवस राहणारा चंद्र त्या दिवशी कुठेही असू शकतो. अशा तरुणाने प्रेयसीसमोर आपण आग असल्याचे आणि तिच्या आजीसमोर आपण पाणी असल्याचे सांगितले, तर तो दोन्हीकडे खरेच बोलत असतो.

आता गुणमेलनाकडे वळावे. गुणमेलन म्हणजे वधूवरांच्या चंद्रराशी व नक्षत्रांवरून आठ कसोट्या, ज्यांना कूटे म्हणतात, लावून ३६ पैकी गुण देणे. त्यांत वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशीकूटाला ७ आणि नाडीला ८ गुण असतात, आणि १८ गुणांना उत्तीर्ण मानण्याचा प्रघात आहे. वाचकाने या यादीत ‘तत्त्व’ शोधले तर ते सापडत नाही, कारण ते वर्णकूटाच्या नावाखाली बसले आहे. जलराशी ब्राह्मण, अग्निराशी क्षत्रिय, पृथ्वीराशी वैश्य आणि वायुराशी शूद्र अशी ही मांडणी आहे, आणि वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असल्यास तो एक गुण मिळतो. परिणामी जलराशीचा वर अग्निराशीच्या वधूला चालतो, ज्यांचे पटत नाही असे लोकप्रिय सिद्धान्त सांगतो. आणि पृथ्वीराशीचा वर जलराशीच्या वधूला चालत नाही, जरी त्यांच्या मैत्रीवर कांदा पिकत असला तरी. वायुराशीच्या वराला तर फक्त वायुराशीच्याच वधूकडून हा गुण मिळू शकतो. आग, पाणी, माती आणि वारा यांच्यातही कोण वरचा व कोण खालचा हे ठरवून घेतल्याशिवाय ज्या समाजाला चैन पडले नाही, त्या समाजाने छत्तीसांपैकी एकच गुण या कामी खर्च केला, हा संयमच म्हणावा लागेल.

राशीकूट ही याहून मोठी, सात गुणांची कसोटी. तिच्यात एकाच्या राशीपासून दुसऱ्याची रास कितवी येते हे मोजतात. दोन्ही राशी एकमेकींपासून पाचव्या-नवव्या आल्या तर त्याला नवपंचम म्हणतात आणि रूढ नियमाने त्यास शून्य गुण मिळतात. परंतु एकाच तत्त्वाच्या दोन वेगळ्या राशी नेहमी नवपंचमातच येतात. म्हणजे मेष आणि सिंह, वृषभ आणि कन्या, कर्क आणि वृश्चिक या ज्या जोड्यांना मोबाइल आदर्श ठरवतो, त्या सर्वांना राशीकूट मुळात शून्य देते. याउलट मेष आणि कर्क, म्हणजे उघड उघड आग आणि पाणी, एकमेकांपासून चौथ्या-दहाव्या असल्यामुळे सातपैकी सात गुण घेऊन जातात. सहाव्या-आठव्या राशींच्या जोडीला षडाष्टक म्हणतात, ज्याच्या नावानेच मध्यस्थाचा चहा थंड होतो. पण त्याचेही मृत्युषडाष्टक आणि प्रीतिषडाष्टक असे दोन प्रकार आहेत, आणि यांतील प्रीतीचा प्रकार ज्यांच्या वाट्याला येतो त्या जोड्या मेष-वृश्चिक, सिंह-मीन आणि धनू-कर्क, म्हणजे अग्नी आणि जलाच्या, आणि उरलेल्या वायू व पृथ्वीच्या आहेत. तात्पर्य, लोकप्रिय तत्त्वसिद्धान्त ज्या अग्नी-जलाला परस्परांपासून दूर ठेवतो, त्यांच्यात परंपरेने प्रीती पाहिली आहे. त्यामुळे दोन्ही शास्त्रे एकाच वेळी मानणाऱ्या कुटुंबाला कोणतेही स्थळ नाकारता येते किंवा कोणतेही स्वीकारता येते.

त्यातही काही अडलेच तर परिहार असतात. परिहार म्हणजे दोष रद्द करणारा अपवाद. दोन्ही राशींचे स्वामी मित्र असतील किंवा एकच असेल, तर राशीकूटाचा दोष उरत नाही. मंगळाच्या दोषालाही परिहार आहेत आणि ते पुष्कळ आहेत. मुलगा पसंत असेल तर गुरुजींना परिहार सापडतो आणि पसंत नसेल तर तो शोधण्यास कोणी सांगत नाही, एवढीच या प्रकरणाची कार्यपद्धती आहे.

प्रत्यक्ष संसारांवर राशींचा परिणाम होतो का, याची मोजणीही झालेली आहे. डेव्हिड व्होआस या समाजशास्त्रज्ञाने २००७ मध्ये इंग्लंड व वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतील सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा कोणत्याही राशीचा कोणत्याही राशीकडे ओढा दिसला नाही. एकाच राशीच्या नवराबायकोंची संख्या किंचित जास्त भरली, पण तिचे कारण ग्रहांत न सापडता अर्जात सापडले, कारण फॉर्म भरणाऱ्या काहींनी जोडीदाराच्या रकान्यात चुकून स्वतःचीच जन्मतारीख लिहिली होती. महाराष्ट्रात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये केलेल्या चाचणीचा विषय विवाह नव्हता, पत्रिकेवरून हुशार आणि मतिमंद मुले ओळखणे हा होता. त्यात २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवर दिलेली उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली, जे काम नाणे उडवून दक्षिणेशिवाय झाले असते.

एवढे सगळे असूनही पत्रिका टिकून आहे, आणि तिच्या टिकण्याचे कारण आकाशात शोधण्याऐवजी तालुक्यात शोधावे. स्थळ नाकारण्याची खरी कारणे सांगण्यासारखी नसतात: मुलगा कंपनीत पर्मनंट नसून कॉन्ट्रॅक्टवर आहे, तिसऱ्या शिफ्टमुळे तो घरी येतो तेव्हा घर कामाला निघालेले असते, जमीन संपादनात गेली आणि मोबदला चारचाकी होऊन दारात उभा आहे, किंवा मुलगी त्याच्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकली आहे. यांतले एकही वाक्य पाहुण्यांच्या तोंडावर उच्चारले, तर पुढच्या लग्नसराईत एकाच पंक्तीत बसणे अवघड होते. ‘पत्रिका जुळत नाही’ या वाक्याने मात्र कोणाचाही अपमान होत नाही, मध्यस्थाची अब्रू राहते आणि ज्याच्यावर दोष ठेवला तो शनी वा मंगळ खुलासा करायला राजगुरुनगरच्या स्टँडवर उतरत नाही. मराठी समाजाने घडवलेला हा सर्वांत सभ्य नकार आहे.

या सभ्यतेचा खर्च मात्र समान वाटला जात नाही. मुलाची पत्रिका जुळली नाही तर दुसरे स्थळ येते; मुलीची वारंवार जुळली नाही, किंवा ती मंगळाची निघाली, किंवा सासऱ्याला वाईट समजल्या जाणाऱ्या मूळ नक्षत्रावर जन्मली, तर सौजन्यासाठी बोललेले खोटे तिच्या नावावर खरे म्हणून चढते, आणि ते उतरवणारा फेरफार तलाठ्याकडे होत नाही.

ज्यांना ही सभ्यता परवडत नाही अशा जोडप्यांसाठी याच तालुक्यात आळंदी आहे. स्वतः आणि तिन्ही भावंडांसह अविवाहित राहिलेल्या संत ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये ज्या गावी समाधी घेतली, त्या गावात आज लग्न लावून देणाऱ्या संस्थांच्या पाट्या जागोजागी दिसतात. तेथे आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि साक्षीदार विचारले जातात. राशीचे तत्त्व विचारले जात नाही. कायद्याचेही तसेच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने विवाहासाठी पाच अटी घातल्या आहेत: लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही दुसरा जोडीदार हयात नसणे, संमती देण्याइतके मन शाबूत असणे, मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षे पूर्ण असणे, दोघांत निषिद्ध नाते नसणे आणि दोघे सपिंड नसणे. अटी पाचच आहेत, महाभूतांइतक्या. पण त्यांत आग, पाणी, माती किंवा वारा यांचा उल्लेख नाही.

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष असा की, तत्त्वांची जुळणी हौसेने पाहण्यास हरकत नसावी, कारण परंपरेनेच तिला छत्तीसांत एक गुण दिला आहे आणि तोही वादग्रस्त आहे. उरलेल्या पस्तिसांची चौकशी मात्र दोघांनी एकमेकांकडे करावी: शिफ्ट कोणती, कर्ज किती, लग्नानंतर नोकरी सुटणार कोणाची, स्वयंपाक कोण करणार, आणि संततीच्या काळजीने नाडीच्या आठ गुणांची एवढी धास्ती असेल तर थॅलेसेमियाची रक्ततपासणी दोघांनी करून घेतली आहे का. आणि इतके विचारूनही नकारच द्यायचा ठरला, तर तो स्वतःच्या नावाने द्यावा, मुलीच्या नक्षत्राच्या नावाने देऊ नये.