तिकडून आणायच्या जाकिटाविषयी

मँचेस्टर, 18 मे

ती. आई-बाबांस सा. न.

पावसात डोंगर चढताना घालायच्या जाकिटाकडून दोन कामांची अपेक्षा असते : बाहेरचे पाणी आत येऊ न देणे आणि आतला घाम बाहेर जाऊ देणे. पहिले काम दीडशे रुपयांचे प्लॅस्टिकही करते. बाकीचा सगळा पैसा दुसऱ्या कामासाठी मोजला जातो, आणि जुलैतल्या सह्याद्रीत नेमके तेच काम नीट होत नाही. घाटकोपरच्या भाच्यासाठी ‘तिकडचे, चांगल्यातले’ जाकीट आणण्याची जी सूचना मुलुंडहून दर रविवारी फोनवर येते, तिचा निकाल खरे तर इथेच लागतो. परंतु दोन वाक्यांत लागलेला निकाल मुलुंडच्या घराला मान्य होत नसल्याने पुढील विवेचन.

पाणी अडवण्याची विद्या जुनी आहे. कोकणात आणि मावळात भातलावणीच्या वेळी वापरतात ते इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात बसवलेली रुंद पाने. ते डोक्यावरून पाठीवर येते, वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी ठेवते आणि पुढून सताड उघडे असल्यामुळे वारा आत खेळता राहतो. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉश या ग्लासगोच्या रसायनतज्ज्ञाने नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले आणि वाऱ्याचा प्रश्न कायमचा निकालात काढला : आत वारा नाही. आपल्याकडे हे रबरी युग सुरेंद्रमोहन बोस यांच्या बेंगॉल वॉटरप्रूफ या कोलकात्याच्या कारखान्याने आणले. 1920 साली सुरू झालेल्या या उद्योगाचा डकबॅक रेनकोट मुलुंडच्या घरातील ज्येष्ठांनी शाळेत घातलेला आहे. त्यातून थेंब आत आला नाही, ही त्यांची आठवण खरी आहे. वर्गात पोचेपर्यंत आतला सदरा तरीही ओला होत असे, हे मात्र सांगताना गाळले जाते.

पुढची मोठी उडी 1969 सालची. अमेरिकेतील बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या सावकाश ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एका कांडीला वैतागून जोरात हिसका दिला. ती तुटण्याऐवजी कित्येक पटींनी लांबली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. पाण्याच्या थेंबाला ही छिद्रे फार लहान पडतात, वाफेच्या कणाला मात्र ती मोकळे रान असतात. गोर-टेक्स या नावाने बाजारात आलेला पडदा तो हाच. तो बसवलेल्या जाकिटाची किंमत इथे बहुधा दोनशे पौंडांच्या पुढे असते. तिचे रुपये करून पाहण्याचे काम मुलुंडच्या घराने याआधीच केलेले आहे आणि तरीही मागणी कायम आहे, याची नोंद घेतली गेली आहे.

वाफ या पडद्यातून आपखुशीने बाहेर पडत नाही. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती तिकडे सरकते. घामेजलेल्या कातडीलगत, 33 अंशांच्या आसपास, हा दाब सुमारे 50 हेक्टोपास्कल असतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाऊस पडत असून हवा 8 अंश असेल, तर बाहेरचा दाब 10 च्या जवळपास भरतो, फरक 40. नेरळहून पेबच्या किल्ल्याला जाणाऱ्या वाटेवर जुलैत 25 अंश आणि दाट धुके असेल, तर बाहेरच 30 असतो, फरक 20. जाकीट तेच, किंमत तीच, पण घाम बाहेर ढकलणारा जोर निम्मा. त्यातून खडा चढ चढणारा धडधाकट माणूस तासाला लिटरभरही घाम गाळू शकतो. लेबलवर ‘दहा हजार ग्रॅम’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ चौरस मीटरभर कापडातून चोवीस तासांत इतकी वाफ गेली असा आहे. हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रयोगशाळेत पेब नसतो.

लेबलवरचा दुसरा आकडा मिलिमीटरमध्ये असतो आणि त्याने मुलुंडच्या घरात मोठा घोटाळा केला आहे. ‘10,000 मिमी’ हे वाचून ज्येष्ठांनी हिशेब मांडला : 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या अर्थी हे जाकीट साडेदहा सव्वीस जुलै सोसेल. गुणाकार-भागाकार बिनचूक आहे, फक्त मिलिमीटर वेगळे आहेत. हा आकडा पावसाचा नसून दाबाचा आहे : कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करत गेले, तर किती उंचीला कापड गळू लागते, ते तो सांगतो. दहा हजार म्हणजे दहा मीटर, मुलुंडच्या एखाद्या तीनमजली इमारतीएवढा स्तंभ. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. दाब वाढतो तो सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यावर आणि ओल्या दगडावर फतकल मारून बसल्यावर. पाच हजार मिमीचे कापडही मुंबईकर भटक्याला पुरते, कारण जाकीट गळते ते बहुधा कापडातून नाही, शिवणीतून.

मँचेस्टरला पाऊस फार, ही समजूतही इथेच दुरुस्त करणे बरे. वर्षभरात तो साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो; सांताक्रूझला एकट्या पावसाळ्यात बावीसशेच्या वर. फरक इतकाच, की मँचेस्टरचा पाऊस जवळजवळ दीडशे दिवसांत वाटून घेतलेला असतो आणि कोणत्याही दिवशी समाधान होईल इतका पडत नाही. डोंगरांचेही तसेच. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक 978 मीटरचे. आपला लोहगड 1,033 आणि कळसूबाई 1,646. यावर मुलुंडहून ‘मग त्या टेकाडाला एवढे महाग जाकीट कशाला?’ असा रास्त प्रश्न आला. उत्तर थंडीत आहे. पाच-सहा अंशांच्या वाऱ्यात कपडे भिजले, की अंगातली ऊब झपाट्याने जाते, हात बधिर होतात, डोके चालेनासे होते, आणि मग बचाव पथकातल्या स्वयंसेवकांना जेवणावरून उठून यावे लागते. तिथे कोरडे राहणे हा जिवाचा प्रश्न असतो. सह्याद्रीत जुलैला भिजणे हा बहुतेक वेळा ट्रेकचा उद्देशच असतो. माथ्यावरच्या वाऱ्यात थांबून राहिले तर तिथेही हुडहुडी भरते, पण त्यावर सॅकेतला कोरडा टी-शर्ट हा उपाय पुरतो.

आता खरेदी. इथल्या दुकानातल्या पुष्कळ जाकिटांच्या आतल्या पट्टीवर बांगलादेश किंवा व्हिएतनाम असे छापलेले असते. चितगावहून निघालेल्या जाकिटाने मुलुंडला जाताना मँचेस्टरवरून वळसा घेण्याचे कारण नाही. डेकॅथलॉनची दुकाने मुंबईतही आहेत, आणि हजार-दीड हजारांपासून तीन हजारांपर्यंत तिथे किंवा इतरत्र जे मिळते, ते पुरेसे आहे. मात्र ते बाहेरून न पाहता उलटे करून पाहावे. आतून प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची चकचकीत टेप चिकटवलेली असली पाहिजे. खांदे, बाह्या, टोपीचा जोड, सगळीकडे. काही जाकिटांत फक्त खांद्यावर टेप असते आणि काखेत उघडी शिवण. अशी दुकानातच ठेवून यावीत. विंडचिटर कोणता आणि रेनकोट कोणता याचा संशय आल्यास कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. हवा आरपार गेली तर तो विंडचिटर. विक्रेता पाहत राहील, पाहू द्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काखेतली चेन. पडद्यातून घाम जाणार नाही हे ठरल्यावर उरतो तो इरल्याचाच मार्ग, म्हणजे वारा खेळू देणे. काखेखाली वीतभर चेन उघडता आली, तर स्वस्त जाकीट महागड्याच्या बरोबरीला येते. पुढच्या चेनवर झाकणपट्टी हवी. टोपीला पुढे ताठ कड हवी, म्हणजे पाणी चष्म्यावर ओघळत नाही, आणि मागे आवळायची दोरी हवी, म्हणजे मान वळवल्यावर टोपीही वळते. दोरी नसलेल्या टोपीत माणूस डावीकडे पाहतो तेव्हा त्याला टोपीचे अस्तर दिसते. मापाच्या बाबतीत ‘वाढत्या अंगाचे आहे, दोन नंबर मोठे घ्या’ हा घरातला नियम या वस्तूला लावू नये. लांब बाहीतून पाणी कोपरापर्यंत येते आणि घोळ खडकाला अडकतो. दोन्ही हात वर करून पाहावे; कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर हात तसेच वर जातात. तेव्हा जाकीट कमरेच्या वर सरकले नाही, की माप बरोबर.

छत्रीचा मुद्दा मुलुंडच्या घराने चिकाटीने मांडला आहे आणि तो अर्धा मान्य करण्यासारखा आहे. जंगलातल्या सपाट वाटेवर, संजय गांधी उद्यानातून कान्हेरीपर्यंत जाताना, छत्रीसारखे साधन नाही : डोके कोरडे, अंगाला वारा, घाम नाही. पण उघड्या कड्यावर तिचा भरवसा नसतो. नाणेघाटात भर पावसाळ्यात वारा इतका जोराचा असतो, की कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते; तिथे पाऊस पायांकडून येतो आणि छत्री कोणत्या दिशेला धरावी हे ठरेपर्यंत तिच्या काड्या उरत नाहीत. पाँचो सॅकसकट झाकतो आणि स्वस्त पडतो, पण वाऱ्यात तो डोळ्यांवर येतो आणि रॉक पॅचवर पाय कुठे ठेवला ते दिसू देत नाही. सॅकचे पावसाळी कव्हर सुंदर दिसते आणि पाठीकडून गळते. त्याऐवजी सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून तिचे तोंड पिळून दुमडावे. कर्जत लोकलने परत येताना कोरडे कपडे मिळण्याची शक्यता जाकिटापेक्षा या पिशवीमुळे जास्त वाढते. जाकिटात वाचलेले पैसे बुटांच्या तळव्यात घालावेत; शेवाळलेल्या कातळावर टोपीच्या दोरीचा काही उपयोग होत नाही.

निगा थोडी आहे, पण ती घेतलीच पाहिजे. कापडावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात ते वरच्या रासायनिक लेपामुळे. चिखल, घाम आणि साबणाचा राहिलेला अंश यांमुळे तो निकामी होतो. मग वरचे कापड पाणी पिते आणि जाकीट गळते असे वाटू लागते. पूर्वीचे लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. ती निसर्गात नाहीशी होत नाहीत म्हणून पुष्कळ उत्पादकांनी सोडली, आणि नवे लेप लवकर दमतात. जाकीट थोड्या साबणाने धुवावे, दोनदा खळबळावे, फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नये. लेबलवर परवानगी असल्यास वाळल्यावर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी; उष्णतेने लेप पुन्हा काही दिवस जागा होतो. स्वस्त जाकिटाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर मुंबईच्या दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून ते घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पलंगाच्या पेटीत ठेवू नये. पलंगाची पेटी हीच मुलुंडच्या घराची एकमेव साठवण असल्याचे माहीत आहे. तरी दाराआडच्या खुंटीवरची न वापरलेली पिशवी काढून तिथे ते टांगावे.

कळावे,
मँचेस्टरचे घर