थोर माणूस भेटलेले आप्पा

कोकणात थोर माणसं जन्माला येतात आणि मुंबईला जातात. गावात उरतात ती थोर माणूस एकदा भेटलेली माणसं. दर वाडीत असा एक असतोच. कुणाला एसटीत नाथ पै भेटलेले, कुणाच्या खळ्यात मोठ्या नटाने कोकम सरबत पिऊन ‘छान आहे’ म्हटलेलं. भेट पाच मिनिटांची, पुरते मात्र हयातभर. जयगडात हे खातं आप्पांकडे आहे.

आप्पा मूळचे तांडेल. रात्री बोटीवर डोळा लागू नये म्हणून तंबाखू-चुन्याची चिमूट डाव्या गालात धरायची सवय, आणि वर्षानुवर्षं ती जिथे बसली नेमकं तिथेच ते उठलं. ‘ते’ म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. ‘आप्पांना टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की ऐकणारा आवाज खाली घेतो. परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून चालू आहे, कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आली. पण आमच्या हिशेबात तिथे जाणाऱ्या गाडीला परतीचं तिकीट नसतं. आप्पा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले आणि ऑपरेशन, किमो, लाईट सगळं उरकून परतले. जबड्याचा थोडा भाग गेला, त्या जागी छातीचं मांस आणून बसवलं. ‘आता बोलतो ते छातीठोक,’ हे गावात पाय ठेवल्यावरचं त्यांचं पहिलं वाक्य. कुणी हसलं नाही. आजाऱ्याच्या विनोदाला हसावं की नाही, याचा निर्णय गावात अजून झालेला नाही.

मग बघायला येणारे सुरू झाले. पडवीत बसायचं, गालाकडे बघायचं, बघत नाही असं दाखवायचं.

‘माझ्या मेव्हण्याच्या चुलत्याला अगदी हेच झालेलं.’

‘मग?’

‘मग काय! तेराव्याला मीच गेलो होतो.’

चहा पिऊन माणूस निघायचा, आणि जाताना ‘येतो’ असं काही म्हणायचा की काकू आत जाऊन डोळे पुसायच्या. जयगडच्या किल्ल्याचा बुरूज उभा राहीना म्हणून जयबा नावाच्या तरण्या पोराने स्वतःचा बळी दिला, अशी कथा इथे सांगतात. आप्पा म्हणायचे, ‘जयबाने सगळा जीव दिला, मी गालावर भागवलं. पण त्याला बघायला इतकी माणसं आली नसतील.’

एके दिवशी आप्पा तवसाळहून फेरीबोटीने आले आणि या सगळ्याला आळा बसला. बोटीवर कठड्याशी एक उंच माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याने आप्पांच्या गालाकडे सरळ बघितलं, हात पुढे केला आणि विचारलं, ‘काका, आता बरं ना?’ आप्पा म्हणाले, ‘बरं.’ तो म्हणाला, ‘मग झालं तर.’

इतकंच. बाकीचा वाडा आप्पांनी बांधला.

ऐकणारा पोरसवदा असेल तर तो माणूस युवराजसिंग. आप्पांना त्याची कुंडली तोंडपाठ आहे. 2011चा विश्वचषक, 362 धावा, 15 बळी, आणि सगळं छातीत गाठ घेऊन. मग अमेरिकेत किमो. मग 11 सप्टेंबर 2012, चेन्नई, न्यूझीलंडविरुद्ध 26 चेंडूंत 34. सामना एका धावेने गेला. पण ती एक धाव दुसऱ्या कुणीतरी काढायला हवी होती, असं आप्पांचं मत. ऐकणारा साठीच्या पुढचा असेल तर तोच माणूस दिलीप वेंगसरकर होतो. ‘आपल्या राजापूरचा जन्म. लॉर्ड्सवर तीन शतकं, 1979, 1982, 1986. आणि 1983ला मार्शलचा चेंडू तोंडावर बसलेला. जबड्याचं दुखणं त्याला वेगळं समजवावं लागलं नाही.’ दोन्ही वयाचे श्रोते एकत्र आले तर आप्पा नुसतं ‘तो’ म्हणतात.

सांगण्यात मात्र तोड नाही. लाईट घेतल्यापासून तोंडाला कोरड पडते, म्हणून पाण्याची बाटली कायम जवळ. घोट लागतो हे खरं. पण तो बरोबर ‘त्याने चष्मा काढला आणि...’ इथेच कसा लागतो, हे टाटाच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. त्या डॉक्टरांनीच जबडा आखडू नये म्हणून तोंड हलतं ठेवायला सांगितलं होतं. ‘हे यांना सांगायची गरज होती?’ असं काकू मला विचारतात.

शंकासूर सगळीकडे असतात. पंजाबचा युवराज मराठीत कसा बोलला? ‘किमो घेतलेल्यांची भाषा एकच असते.’ गावातल्या एका औषधवाल्याने पेच टाकला की युवराजचं दुखणं छातीतलं, तुमचं गालातलं, दोन्हींचा संबंध काय? आप्पांनी शांतपणे एक घोट घेतला. ‘अरे मेल्या, माझ्या गालात छातीच आहे.’

फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा मुलगा खासगीत निराळं सांगतो. तो माणूस मुंबईचा कुणी टायरवाला होता आणि ‘काका, जरा सरका, गाडी काढायचीय’ एवढंच म्हणाला. मी हे कुणाला बोललो नाही. कारण पडवीत आता तेराव्याच्या गोष्टी निघत नाहीत. माणसं येतात, टेकतात आणि गालाकडे न बघता विचारतात, ‘आप्पा, उंचीला किती होता हो?’

शिवाय त्या हाताचं एक प्रकरण आहे. थोर माणसाशी मिळवलेला तो उजवा हात पोरांना हातात घ्यायचा असतो. आप्पा आधी त्यांचा तळवा उघडून हुंगतात. तंबाखूचा वास आला तर हात मागे. ‘आधी पुडी खाडीत टाक, मग ये.’ राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, म्हणजे तो टपरीवर वरच्या फळीऐवजी खालच्या फळीतून निघतो. कायद्याला जमलं नाही ते आप्पांचा उजवा हात थोडंफार जमवतो. सगळ्या पुड्या खाडीत जातात असं नाही. काही आप्पांची पाठ वळेपर्यंत खिशातच थांबतात, हेही मी पाहिलंय.

माझं विचाराल तर तो युवराज नव्हता, वेंगसरकर तर नव्हताच. तुमचं तवसाळ-जयगड फेरीने येणं झालं आणि बाटलीवाले एक गृहस्थ ‘क्रिकेट बघता का?’ म्हणत शेजारी बसले, तर ‘हो’ म्हणा. आणि उंच असाल तर काळा चष्मा गाडीतच ठेवा. आप्पांच्या यादीत अजून जागा आहे.