डेरीचं झाकण

माझ्या चेतकचं उजवीकडचं झाकण कळमन्याच्या रस्त्यावर एका खड्ड्यात उडालं आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली गेलं. इंजिनावरचं ते पोट सुटल्यासारखं दिसणारं पत्र्याचं कव्हर. मी वळून पाहिलं तेव्हा त्याची पोळी झाली होती. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, बरं झालं, इंजिनाला जरा वारा लागेल." ती त्या स्कूटरला सवत मानते.

चेतक बाजारात आली १९७२ साली. माझ्या वडिलांनी तिच्यासाठी नंबर लावला तेव्हा मी पाढे म्हणत होतो आणि ती दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्या काळात स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. घरात येणारी वस्तू नवसाची असायची. आता २०२० पासून त्याच नावाची विजेवरची गाडी मिळते म्हणे. मिळू दे. तिच्या अंगाला माझं झाकण बसत नाही.

जुने भाग शोधायचे तर पुणेकराला रविवार-बुधवारचा जुना बाजार आहे, मुंबईकराला कुर्ला आणि चोरबाजार आहे. आम्हा नागपूरकरांना मोबाइल आहे. त्यावर विकणाऱ्यांची एक स्वतंत्र भाषा असते, ती मी महिनाभरात शिकलो. 'कंडीशन एक नंबर' म्हणजे वस्तू ओळखू येते. 'थोडं काम आहे' म्हणजे फक्त कामच आहे, वस्तू नाही. 'सिरियस गिऱ्हाईकानेच फोन करावा' असं लिहिणारा स्वतः कधीच फोन उचलत नाही. आणि 'भाव होऊन जाईल' याचा अर्थ होऊन जाईल, पण तुमच्या बाजूने नाही.

अशात उतईचा एक फोटो दिसला. उतई म्हणजे भिलाईच्या दक्षिणेला, दुर्ग जिल्ह्यातली नगरपंचायत. फोटोत तीन भाग खाट, एक भाग कोंबडी आणि उरलेल्या जागेत एक झाकण. रंग हुबेहूब माझ्या गाडीचा. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ पासून धडधडतोय, तेव्हा तिथल्या कामगारांनी घेतलेल्या चेतक आजूबाजूच्या गावांत म्हातारपण काढत असणार, असा माझा सिद्धांत. मी फोन लावला आणि माझं नागपुरी हिंदी सुरू केलं.

"भैया, चेतक का ढक्कन है?"

"हव."

माझा जीव भांड्यात पडला. नागपुरातही आम्ही 'हव'च म्हणतो. माणूस आपलाच निघाला.

"ओरिजनल है?"

"हव."

"डुप्लिकेट तो नहीं?"

"हव."

इथे मी सावध व्हायला हवं होतं. पण मी गंजाकडे वळलो. गंज कितीसा आहे? तो म्हणाला, "थोरकिन." आता मराठी माणसाने 'थोर' ऐकलं की त्याला पुतळाच दिसणार. मी हबकलो. मग त्यानेच समजावलं, थोरकिन म्हणजे थोडासा. मी सुटकेचा श्वास टाकला आणि कुठल्या बाजूचं आहे ते विचारलं. तो म्हणाला, "जेवनी के बेचा गे, कका. डेरी के हे."

मला जे कळलं ते असं: जेवणाचं काही उरलेलं नाही, सामान डेअरीवाल्याकडे आहे. चांगली माहिती दिली बिचाऱ्याने. मी म्हणालो, "कोई बात नहीं, मैं जेवून येईन, खाना खाके आऊंगा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "हव." आणि संध्याकाळी त्याचा दोन शब्दांचा निरोप आला: काली आहू. यातल्या 'काली'चा मी अर्थ काढला काल, आणि 'आहू' म्हणजे आहे. काल आहे? मग आज नाही का? शेजारच्या बिलासपूरच्या मुलीने सांगितलं, "काका, काली म्हणजे उद्यापण आणि कालपण. ते म्हणतायत, उद्या या."

सकाळच्या गाडीने निघालो. गोंदिया गेलं, आमगाव गेलं, सालेकसा गेलं आणि दरेकशाच्या जंगलात महाराष्ट्र संपला. डोंगरगडला बम्लेश्वरीच्या टेकडीला खिडकीतूनच हात जोडले. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना प्रवासाचं कारण सांगितलं. ते हळहळले. म्हणाले, "१९५६ पर्यंत दुर्गची माणसं कागद घेऊन नागपूरला यायची, राजधानी होती ती. आणि आता तुम्ही पत्रा आणायला दुर्गला." राजनांदगाव आलं तसे ते मुक्तिबोधांवर गेले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये इथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घर मराठी, पण लिहिलं हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतले कवी. एकाच घरात दोन भाषा नांदल्या, याचं मला कौतुक वाटलं. माझ्याकडे तर एका झाकणापुरतीही दुसरी भाषा नव्हती, हे कळायला अजून दीड तास होता.

दुर्गला उतरून ऑटो केला. उतईच्या बाजूला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, हे ऑटोवाल्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मी आपोआप ताठ बसलो. उतईत उतरल्यावर विक्रेत्याचा फोन बंद. मी डगमगलो नाही, कारण माझ्याकडे पत्ता होता. पहिल्याच पानठेल्यावर विचारलं, "डेअरी कहां है?" दोघांनी दोन दिशा दाखवल्या. मी जवळची निवडली.

डेअरीवाला म्हशीखाली बसला होता. मी म्हणालो, "वो ढक्कन लेने आया हूं." त्याने दुधाच्या कॅनचं झाकण पुढे केलं. मी म्हणालो, "स्कूटरचं." त्याने म्हशीकडे पाहिलं. म्हशीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला फोटो दाखवला. त्याने झाकण सोडून कोंबडी ओळखायचा प्रयत्न केला. शेवटी मी फोनवरचं सगळं संभाषण जसंच्या तसं सांगितलं, जेवणासकट. तेव्हा तो असा हसला की धार बादलीबाहेर गेली.

मग त्याने मला शिकवलं. बादली धरलेला डावा हात वर केला. "ए डेरी." उजवा हात तोंडाशी नेला. "ए जेवनी." ज्या हाताने जेवायचं तो जेवनी. किती सरळ! आपणही पोरांना 'जेवायचा हात कोणता?' असंच विचारत उजवा हात शिकवतो, फक्त त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं. म्हणजे त्या भल्या माणसाने मला स्वच्छ सांगितलं होतं: उजवीकडचं विकलं गेलं, डावीकडचं आहे. आणि मी त्याला सांगितलं होतं की हरकत नाही, मी जेवून येतो.

डेअरीवाल्याने स्वतःच्या मोटारसायकलवर मला विक्रेत्याच्या घरी सोडलं. वाटेत तीन ठिकाणी थांबून ही गोष्ट सांगितली. खाट तीच होती, कोंबडी तीच होती, झाकणही तेच होतं आणि ठणठणीत डावं होतं. विक्रेता पंचविशीचा पोरगा. मला पाहून इतका ओशाळला की चूक त्याचीच असावी. "मैं तो फोन मा बताय रहेंव, कका," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, हव.

नको नको म्हणत असताना त्याच्या आईने चीला आणि पताल चटणी पुढे ठेवली. पताल हा शब्द ऐकून मी दचकलो, पण तो टोमॅटो निघाला. मी जेवनी हाताने तीन चीले खाल्ले. म्हणजे जेवणाबाबतही मी फोनवर खोटंच बोललो होतो.

भावाचं काय सांगू! नको असलेल्या वस्तूची घासाघीस करणं फार अवघड काम आहे. तो पाचशे म्हणाला, मी सवयीने अडीचशे म्हणालो, आणि तो चटकन हव म्हणाला. आता मागे फिरायची सोय नव्हती. पोतडीत बांधलेलं झाकण काखेत मारून मी परतीच्या गाडीत चढलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तबला का?" मी म्हटलं, "डग्गा." डावाच असतो ना तो.

गाडी आमगावच्या आसपास असताना निरोप आला. "जेवनी मिल गे. काली आहू."

आता मी तयारीचा माणूस होतो. काली म्हणजे उद्या. पण आहू? गोंदियाला चढलेल्या एका विद्यार्थ्याला दाखवलं. तो म्हणाला, "आहू म्हणजे तुम्ही या. पण डोक्यावर टिंब असलं, आहूं, तर मी येतो. ते टिंब लिहितो कोण?"

मी लगेच विचारलं, "तुम आओगे या मैं आऊं?"

तुमसरच्या आधी उत्तर आलं.

"हव."