घरच्या मैदानासाठी पासपोर्ट

धावडा हे गाव भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेला खेटून, जालना जिल्हा संपून बुलढाणा सुरू व्हायच्या बेतात असतो तिथे आहे. हा मिरचीचा मुलूख. इथला माणूस सहजासहजी गाव सोडत नाही, पण कुठे कुस्त्यांचा फड लागला म्हणजे अंतर विचारत नाही. परतीची मुक्कामी गाडी चुकली तर कुणाच्या ओसरीवर पथारी पसरायची, एवढं ठरलं की तो निघतो. अशा माणसाने २०१२ साली पुण्याच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम बघायला निघायचं ठरवलं असतं, तर त्याचा प्रवास कसा झाला असता, त्याचं हे वर्णन. तो प्रवास कुणी केला असेल असं वाटत नाही. पण न केलेल्या प्रवासाचंही वर्णन करता येतं, आणि हा प्रवास का झाला नाही याचं कारण शोधताना एक सिद्धान्त हाती लागतो : संघाचा हंगाम हा मुळात गावाचा असतो, खेळाडू त्यात फक्त खेळतात. ज्या हंगामाला तिकीट काढून, डबा बांधून जाता येत नाही, त्याला चित्रीकरण म्हणावं.

पुण्याला असा संघ होता हेच अनेक पुणेकरांना नवं वाटेल, म्हणून आधी पुरावा. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा २०११ मध्ये जाहीर झाली. तिच्यामागे माइक डिटका, कर्ट वॉर्नर यांच्यासारखी अमेरिकेत या खेळामुळे घरोघर ठाऊक असलेली नावं उभी होती. आठ संघ ठरले, त्यांत मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज हे दोन आपले. आता धावड्याचा आपला प्रवासी निघाला. भोकरदनच्या स्थानकावर त्याने लाल गाडी बदलली, जालन्याला दुसरी धरली, रात्रभर मान डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर नेत तो पुण्यात उतरला आणि चहावाल्याला विचारता झाला, मॅच कुठे आहे? खरं उत्तर होतं : कोलंबोला. पुण्याच्या संघाचा पहिला हंगाम श्रीलंकेत, कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर, कॅमेऱ्यांसमोर उरकला गेला. म्हणजे घरच्या मैदानावरचा सामना बघायला पासपोर्ट हवा. रामेश्वरपर्यंत यात्रा कंपनीची बस मिळते, त्यात मराठवाड्यातली म्हातारी माणसंही जाऊन येतात. पण पुढे समुद्र आहे. धनुष्कोडीची रेल्वे १९६४ च्या वादळात वाहून गेली, आणि त्याआधीचा जो पूल सांगतात त्यावर एस.टी. चालत नाही. प्रवासी तिथेच थांबला. इकडे पुणे मराठाजने अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सना ६-० हरवून विजेतेपद मिळवलं. पुण्यात गुलाल उधळावा असा हा पराक्रम, आणि गुलालाचं एक पोतंही फुटलं नसावं. गणपतीत नाक्यानाक्यावर पथकं उभी करणाऱ्या शहराने आपल्या विजेत्यांसाठी एक टिपरू उचललं नाही, यात शहराचा दोष काढणं अन्यायाचं होईल. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : खेळच आपल्याला कळण्यासारखा नाही, मग कोलंबो काय आणि कोथरूड काय. हा आक्षेप निदान धावड्यात टिकणार नाही. अमेरिकन फुटबॉलचा गाभा असा : चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन पुढे सरकायचं, समोरच्या अकरा जणांनी ती सरकू द्यायची नाही, आणि वाद झाला की बाहेरून माणसं साखळी घेऊन येतात, ती जमिनीवर ताणतात आणि सगळे श्वास रोखून बघतात की वीतभर कुणाकडे गेलं. बांधाच्या वादात मोजणी आलेली ज्याने पाहिली आहे, त्याला या खेळात शिकवण्यासारखं काही उरत नाही. फरक इतकाच की अमेरिकेत निकाल तिथल्या तिथे लागतो आणि तारखांवर तारखा पडत नाहीत. शिवाय कबड्डीतली बोनस रेषा, लोण, सुपर टॅकल आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची ‘करो या मरो’ चढाई हे सगळं तोंडपाठ असणाऱ्या मराठी माणसाला खेळ अवघड म्हणून सोडला असं सांगणं म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. बाहेरचा खेळ, इथल्या मातीत कसा रुजणार? भोकरदनला हा प्रश्न विचारू नये. हे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात निघालेल्या हस्तिदंती मूर्तीचं साम्य १९३८ मध्ये इटलीतल्या पोम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी दाखवलं जातं. ज्या तालुक्याचं नाव रोमन काळात समुद्रापार निघतं, त्याला परदेशाचं कौतुक फार नसतं आणि भीतीही नसते. क्रिकेट तरी कुठे इथलं होतं? तरी जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून नाबाद ४५१ धावा केल्या आणि पुढे एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं. ते दूरचित्रवाणीने झालं, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. पण पारशांनी मुंबईत पहिला क्रिकेट क्लब १८४८ मध्ये काढला आणि पाळवणकर बाळूंनी १९११ च्या दौऱ्यात इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा दूरचित्रवाणीचा शोधही लागला नव्हता. मैदान आधी होतं, कॅमेरा मागून आला. कबड्डीचंही तेच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये ती बर्लिनला नेऊन दाखवली, आणि प्रो कबड्डीचे दिवे लागले २०१४ मध्ये. मधली पाऊणशे वर्षं ती गल्लीत, शाळेच्या पटांगणात आणि मंडळांच्या मॅटशिवायच्या मैदानांवर खेळली गेली. पुणे मराठाजने हा क्रम उलटा लावला : कॅमेरा आधी, मैदान परदेशात, गल्ली नाहीच.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो आयपीएलचा आहे. २००९ चा आख्खा हंगाम दक्षिण आफ्रिकेत झाला, हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सने तो जोहान्सबर्गमध्ये जिंकला, २०२० चा तर अमिरातीत रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. तरी आयपीएल जिवंत आहे. मग कोलंबोने काय घोडं मारलं? उत्तर असं की आयपीएल पाहुणी म्हणून बाहेर गेली. पहिल्या वर्षी ती गावोगाव भांडणं लावून मगच गेली होती, आणि भांडण एकदा लागलं की ते टिकवायला मैदान लागत नाही, पारावर दोन माणसं पुरतात. पुणे मराठाजचा जन्मच परगावी झाला. भांडायला कुणाला सवडच मिळाली नाही. (डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये बरखास्त झाला खरा, पण त्यामागे पैशांची गोष्ट होती. मला सोयीचा असला तरी तो पुरावा मी वापरत नाही.) आणि मैदान गावात आणलं की काय होतं, हे जालन्याने २०१८ च्या डिसेंबरात पाहिलं. महाराष्ट्र केसरीच्या गदेची लढत जालन्यात झाली, आणि बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफीक शेखने पुण्याच्या अभिजीत कटकेला हरवलं. धावड्यापासून बुलढाणा जिल्ह्याची हद्द इतकी जवळ की हा विजय आपला म्हणायला फारशी ओढाताण करावी लागत नाही. त्या विजयाला कुणी जाहिरात करून नातेवाईक शोधले नाहीत.

खुद्द अमेरिकेतही हाच न्याय लागू आहे. विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे हे एक लाख सात हजार वस्तीचं शहर, जालन्याच्या निम्म्याहूनही लहान. त्याचं मैदान मात्र सुमारे ८१ हजार माणसांचं. तिथला पॅकर्स संघ १९१९ मध्ये एका मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याने पोशाखाला दिलेल्या ५०० डॉलरवर उभा राहिला, आणि १९२३ पासून त्याचे मालक लोकच आहेत. ३१ डिसेंबर १९६७ ला उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या असताना, पन्नास हजारांवर माणसं तिथे सामना बघत बसून राहिली, कारण घरून निघून मैदानापर्यंत पोचता येत होतं. तिथेही संघ गाव सोडून जातात, हे मान्य. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ एका रात्रीत ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. पण संघाच्या बँडचे गणवेश त्या रात्री धुलाईला गेलेले होते, म्हणून ते वाचले. मग बाल्टिमोरचा बँड संघाशिवाय वाजत राहिला, दुसऱ्यांच्या मैदानांवर, नवा संघ मिळेपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत. बाल्टिमोरकडे संघ नव्हता, बँड होता. पुण्याकडे संघ होता, विजेतेपद होतं आणि ढोल-ताशांची तर चैनच होती. फक्त दोघांची गाठ पडली नाही.

तेव्हा हा खेळ पुन्हा यायचा असेल तर खालून यावा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे : पाच-पाच खेळाडू, शिरस्त्राण नाही, चिलखत नाही, कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की गडी थांबला. पिकं निघाल्यावर मोकळ्या झालेल्या कुठल्याही रानात हे होऊ शकतं. लागणारा खर्च म्हणजे पट्टे, चेंडू आणि चुन्याची एक गोणी, आणि एवढी वर्गणी धावड्यात एका बैठकीत जमते. वर्गणीच्या बाबतीत ग्रीन बेकडून मात्र काही शिकण्यासारखं नाही. त्यांच्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो विकता येत नाही, तरी पाच लाखांहून अधिक लोकांनी तो घेऊन ठेवला आहे. म्हणजे ती निखळ वर्गणीच. २०२१ ला सुरू झालेल्या विक्रीत त्याचा भाव ३०० डॉलर होता, आणि तो घेण्याची मुभा फक्त अमेरिका आणि कॅनडातल्या रहिवाशांना. आपण होऊन देणाऱ्याची वर्गणी पत्ता बघून नाकारणारं मंडळ भोकरदन तालुक्यात तरी अजून स्थापन झालेलं नाही.