चार क्रेडिटचा तबला

विद्यापीठात तबला शिकायचा तर आधी पेन चांगलं चालायला हवं. दिल्ली बाज आणि पूरब बाज या वादनशैलींतला फरक लिहा, गुण दहा. दिल्लीत चाटेला (काठाच्या पट्टीला) महत्त्व, पूरबमध्ये लवेला (चाट आणि शाईमधल्या भागाला), एवढं पाठ असलं की भागतं. लिहिणाऱ्याचं बोट चाटेवर नेमकं पडतं की नाही, हे उत्तरपत्रिकेला ऐकू येत नाही.

जुने उस्ताद शागिर्दाला चिल्ल्याला बसवत. चाळीस दिवस, तोच बोलांचा कायदा, बोटं सुजेपर्यंत. आता हिशेब सुटसुटीत झाला आहे: प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. 'धिरधिर'ला तळवा सैल पडायला वर्षं लागतात, पण सेमिस्टर तेवढं थांबत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेचा थाट वेगळाच. विद्यार्थी हातोडी घेऊन गट्टे वर-खाली ठोकतो, लवेवर कान लावतो, पुन्हा ठोकतो. निम्मा वेळ तबला सुरात मिळवण्यातच जातो. बाहेरचे परीक्षक घड्याळ बघत म्हणतात, "पेशकार राहू द्या, एखादा रेला ऐकवा." रेला दुगुनीत येईपर्यंत, "छान, पुढचा."

(हजेरी मात्र पंचाहत्तर टक्के हवीच. सम चुकली तर चालते.)

आणि पुढे सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट द्या: चारांपैकी योग्य पर्याय निवडा. त्या परीक्षेत तबला वाजवावा लागत नाही.