काही नाही हो!

दाताच्या कुठल्याही दवाखान्यात बाहेरच्या बाकावर, बरोब्बर पंख्याखाली, एक अण्णा असतातच. त्यांचं स्वतःचं काही दुखत नसतं. वहिनींच्या कवळीचं माप द्यायचं असतं, म्हणून सोबतीला आलेले असतात. गालाला रुमाल लावून कुणी आत शिरलं की अण्णा सरकून जागा देतात आणि म्हणतात, "रूट कॅनाल ना? काही नाही हो!"

घाबरायचं ते इथून.

"इंजेक्शन म्हणजे मुंगी चावल्यासारखं." जरा थांबून, "फार तर मुंगळा." आणखी थोड्या वेळानं, "आमच्या साडूंना मात्र..." साडूंना काय चावलं ते कळायच्या आत आतून ड्रिलची घरघर येते. अण्णा डोळे मिटून ती ऐकतात, सवाई गंधर्वला बसल्यासारखे. "दाढ आहे," ते निदान करतात. "दाढेत तीन नळ्या. कधी चौथी निघते. लपून बसते बरं का ती! तुमची कुठली?"

माझी दाढच होती. अण्णांनी लवंग दिली, रामरक्षा म्हणायला सांगितली आणि पिशवीतून साडूंचा एक्स-रे काढला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

आतली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. ती एकदाही 'काही नाही' म्हणाली नाही. "आधी हिरडीवर जेल लावते, मग इंजेक्शन. दोन-चार मिनिटं छाती धडधडेल, ते औषधातल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन, काका."

त्या 'काका'नं दुखलं तेवढंच. हात मी एकदा उगाच वर करून पाहिला. ती खरोखर थांबली. मग मी निवांत झालो. तीन रात्री ठणकणाऱ्या दाढेपुढे हे फारच सोपं निघालं.

बाहेर आलो तर पंख्याखाली रुमालवाल्या एक बाई. "दुखलं का हो?" त्यांनी विचारलं.

"आई आई ओ," मी बधिर ओठांनी धीर दिला. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"बघा! मी काय म्हणत होतो?" अण्णा म्हणाले.

तेव्हा जाताना पोटभर जेवून जा. नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो, तोवर खाल्लं तर आपलाच गाल चावला जातो. डाव्या हाताची खूण डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. आणि पंख्याखालची जागा कितीही मोकळी दिसली, तरी उभेच राहा.